जावईबापूंचा कॉइन आणि माझे गुडघे

आमचे वकीलसाहेब, म्हणजे माझे यजमान, संत्री घ्यायला निघाले की अमरावतीच्या बाजारातले गाडीवाले एकमेकांकडे पाहतात. आधी वास घेणार, मग दाबून पाहणार, मग एक सोलायला लावणार, फोड चाखून तोंड वाकडं करणार आणि शेवटी दुसऱ्याच गाडीवर जाणार. लोकांची खरेदीखतं वाचण्यात यांचा जन्म गेला. सातबाऱ्यावर माशी बसली तरी हरकत घेतील. अशा माणसाने माझ्या गुडघ्यांचे पैसे मोबाइलमधल्या नाण्यात घातले, तेही पुरणाच्या जेवणावर!

गुडघे माझेच, दोन्ही गेलेले. डॉक्टर म्हणाले, बदला. त्यासाठी बँकेत एफडी ठेवली होती. ती दिवाळीला सुटणार आणि मग माझं ऑपरेशन होणार, असं ठरलेलं. तोवर मी जिना बसत बसत उतरायचे.

त्यात आला धोंड्याचा महिना. अधिक मासात जावयाला बोलवायचं, पुरणाचे धोंडे खाऊ घालायचे, वाण द्यायचं आणि त्याचा शब्द खाली पडू द्यायचा नाही. लेक-जावई अकोल्याहून आले. जावईबापू पाटावर बसले आणि धोंड्यावर तूप पडता पडता म्हणाले, "मामाजी, ते क्रिप्टोचं कसं काय? एक मित्र लय मागं लागून राह्यला. एका नव्या कॉइनमंदी पैसे टाका म्हणते. तुमाले काय वाटते?"

मी वाढता वाढता बोलून गेले, "अन् बुडलं तं?"

यांनी असे डोळे वटारले, जसं काही मी जावयाच्या ताटात मीठच ओतलं. मग हसून म्हणाले, "वा, जावईबापू! झकास आहे. आमीही टाकतो."

जेवणं झाल्यावर मी यांना स्वयंपाकघरात गाठलं. "काहून हो म्हटलं? तुमाले त्यातलं काई समजते तरी का?"

"अवं, नाही म्हटलं असतं तं? धोंड्याच्या ताटावरून उठले असते ते. पोरगी नांदते तिथं."

झाली जोखमीची चर्चा! तो कॉइन काढला कोणी, पैसे परत हवे असले तर मागायचे कोणाला, एकाही प्रश्नाला हात लावला नाही. जावई रुसतील का, एवढी एकच जोखीम तोलली. ती मात्र अगदी सोन्याच्या काट्यावर. आठवड्यात एफडी मोडली.

सुरुवातीला भाव चढला. हे रोज चहाच्या आधी मोबाइल उघडायचे आणि मला शेठाणी म्हणायचे. "एकाच्या भावात दोन्ही गुडघे होतीन तुह्ये. मंग चिखलदऱ्याले जाऊ, पायी फिरू." मग भाव उतरायला लागला. तर म्हणे, "मार्केट दुरुस्त होऊन राह्यलं." बाप्पा रे! माझे गुडघे सोडून जगातलं सगळं दुरुस्त होत होतं. शेवटी तो कॉइन फुकटातसुद्धा कोणी घेईना. आमच्या वकीलसाहेबांना तेव्हा कुठे त्याचे नियम वाचायचे सुचले. चष्मा लावून वाचत बसले बिचारे. मी स्वयंपाकघरात जाऊन रडले.

दिवाळीला जावई आले. मी काय काय ऐकवायचं ते घोकून ठेवलं होतं. पण पाणी पिऊन त्यांनीच खाली मान घातली.

"मामी, माह्येही गेले."

"मंग आमाले काहून सांगतलं टाकाले?"

"मी कुठं सांगतलं? मी तं विचाराले आलो होतो. मले धीरच होत नव्हता. म्हटलं, मामाजी वकील मानूस, हजार प्रश्न विचारतीन, नाही म्हनतीन, मंग मित्राले तेच सांगून मोकळा होईन. तुमी तं घास गिळाच्या आत वा म्हटलं. मंग मीही घरी जाऊन टाकले."

हे चष्मा काढून पुसायला लागले. मग हळूच म्हणाले, "मी नाही म्हटलं असतं तं राग नसता आला?"

"राग? सुटलो असतो ना मामाजी."

मला असा संताप आला! चहा ठेवायला म्हणून उठू लागले, तर सासरे-जावई दोघंही मला हात द्यायला धावले. मी भिंत धरली आणि उठले.