फिल्टर कोण धुणार

अक्षर वेडंवाकडं आहे आणि ऱ्हस्व-दीर्घ मला कधी जमलंच नाही. शाळा चौथीत सुटली. ही वही कुणाच्या हाती पडलीच तर सांभाळून घ्या. चारचौघांत मला बोलता येत नाही, म्हणून लिहिते.

कोळवणात आमच्या भातखाचराला लागून पुण्याच्या मॅडमचा बंगला आहे. मागच्या अंगणात छोटं तळं, त्यात रंगीत मासे. मॅडम शनिवार-रविवारी येतात. बाकी दिवस झाडलोट आणि तळं माझ्याकडे. फिल्टरमधले स्पंज मी दर आठवड्याला तळ्याच्याच बादलीभर पाण्यात पिळायचे. नळाला पाणी दिवसाआड येतं. प्यायच्या पाण्यात माशांची घाण धुवायची आमच्याकडे रीत नाही.

मॅडमनी एकदा ते पाहिलं. "मावशी, घाणीत घाण धुताय? घरी भांडीपण अशीच घासता का?" सोबतचे पाहुणे हसले. मी मान खाली घालून स्पंज नळाखाली धरले, पार मूळचा पिवळा रंग दिसेपर्यंत. मॅडमनी पुढेही तसेच धुवायला सांगितलं. थोड्या दिवसांत मासे उलटे तरंगायला लागले. नऊ गेले. मॅडमनी माझ्या पगारातून सहा हजार कापले. "निष्काळजीपणाचे," म्हणाल्या. त्यांचा चहाचा कप विसळतानाही माझे दात आवळलेले असायचे.

मग नवा फिल्टर घ्यायचं ठरलं. भूगावचा दुकानदार दोन फिल्टर घेऊन आला. एक बंद डबा, आत दिवा. दुसरा उघडा टब, त्यात दगड आणि कर्दळ. दिसायला कोणता बरा, एवढंच मॅडम विचारत होत्या.

तो म्हणाला, "कुठलाही घ्या, स्पंज तळ्याच्याच पाण्यात पिळायचा. त्यावरचा बुळबुळीत थर माशांची घाण पचवतो. नळाच्या पाण्यात जंतू मारायची पावडर असते, तिनं तो थर मरतो, मग मासे मरतात. आधी कसा धुवायचात?"

मॅडम मोबाईल बघायला लागल्या.

"नळाखाली," मी म्हणाले. "मॅडमनी सांगितलं म्हणून. आदी मी तळ्याच्याच पाण्यात धूत हुते."

"मावशी, फिल्टर निवडायचाय. पंचायत नाही भरवायची."

"निवडा की. पर माझं सहा हजार आल्याबिगर मी त्याला हात लावनार न्हाई."

मॅडमनी बंद डबा घेतला, महागातला. बटण दाबलं की आपोआप धुतो म्हणे. "आता तळ्याला तुमची गरजच नाही," म्हणाल्या.

सोमवार ते शुक्रवार बटण कोण दाबणार? डबा तुंबला, पाण्याला वास सुटला. मॅडमनी वाडीतल्या बायकांना तळ्याच्या कामाला याल का, विचारून पाहिलं. एकीने तोंडावर म्हटलं, "मासं मेलं तर आमचाबी पगार कापनार व्हय?"

पुढच्या रविवारी त्यांनी तीन हजार दिले. "बाकीचे बघू." मी झाडलोट केली, तळ्याकडे गेले नाही. त्याच्या पुढच्या रविवारी त्यांनी उरलेल्या नोटा माझ्या हातात न देता कठड्यावर ठेवल्या. मी त्यांच्यादेखत मोजल्या. सहा हजार पुरते झाले.