सशर्त मंजूर

हिच्या मामांनी तपासली नाही अशी वस्तू जगात नाही, आणि त्यांच्या हातून विनाअट पास झाली अशीही नाही. खडकीला दारूगोळ्याच्या कारखान्यात चौतीस वर्षं तपासनीस म्हणून काढल्यावर माणूस निवृत्त होतो, त्याची नजर होत नाही. वाण्याकडचे शेंगदाणे, लग्नपत्रिकेतला मुहूर्त, सोसायटीच्या लिफ्टमधली वजनाची पाटी, कशाचीच सुटका नाही. मामींची आमटी तर रोज दुपारी साडेबाराला तपासणीला यायची. मामा एक भुरका मारायचे, डोळे मिटायचे आणि निकाल द्यायचे, "सशर्त मंजूर." "अहो, अट काय ते तरी सांगा!" मामी म्हणायच्या. मामा दुसरा भुरका मारायचे. लग्न ठरताना माझीही तीच गत झाली होती. मामा आमच्या घरी चौकशीला आले, मला किती वाजले विचारलं, माझं घड्याळ स्वतःच्या घड्याळाशी ताडून पाहिलं आणि जिना उतरताना हिच्या आईला, मला नीट ऐकू येईल अशा बेताने म्हणाले, "मुलगा सशर्त मंजूर." अट कोणती, हे कुतूहल मी तीस वर्षं बाळगून आहे. हिला विचारलं तर ही म्हणते, "एक थोडीच असेल?"

दोन वर्षांपूर्वी मामी गेल्या. मामा कोथरूडला आमच्याच सोसायटीत, समोरच्या इमारतीत राहतात. ते गॅलरीतल्या खुर्चीत बसले ते उठेचनात. आमच्याकडून डबा जायचा. डब्यातली आमटी ते मुकाट्याने जेवायला लागले, तेव्हा मात्र आम्ही खरे घाबरलो. डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं, "असेच बसून राहिलात तर वर्षभरात भिंत धरून चालावं लागेल." मामा म्हणाले, "भिंत घरचीच आहे." त्यांची मुलगी हिंजवडीला असते. म्हणायला पुण्यातच, पण ती वाहतूक बघता परदेशातली मुलं बरी, निदान विमान तरी वेळेवर सुटतं. ती बिचारी फक्त रविवारी यायची. अशाच एका रविवारी तिने बाबांच्या मनगटाला पावलं मोजणारं घड्याळ बांधलं, त्यांच्या फोनमध्ये एक ॲप टाकलं आणि जाताना मला दारात गाठून म्हणाली, "भावोजी, रोज किती चालले ते मला तिकडे दिसेल. हजार दिसली तरी मला रात्री झोप लागेल हो."

पहिल्या दिवशी तिला दिसली एकवीस. दुसऱ्या दिवशी अठरा. घड्याळ तासातासाला थरथरून मामांना उठायला सांगायचं, आणि मामा त्याला म्हणायचे, "तू बस." तिसऱ्या दिवशी सकाळी मामांनी मला फोन करून बोलावून घेतलं. जाऊन बघतो तर देवापुढे पाटावर बसलेले, हातात चंदनाचं खोड, चेहरा लालबुंद. म्हणाले, "मास्तर, मी गंध उगाळतोय. बैठक सोडलेली नाही. आणि हे यंत्र म्हणतं दोनशे बारा पावलं झाली! वर मला शाब्बास म्हणतं! अहो, शाब्बास?" असत्य त्यांनी एक वेळ सोसलं असतं, पण फुकटचं कौतुक? छे! त्याच संध्याकाळी मामांनी जुनी वही काढली, पहिल्या पानावर रेघा मारल्या आणि यंत्राची रीतसर तपासणी जाहीर केली.

नियम असे. रोज सकाळी सहाला सोसायटीच्या फाटकापासून बागेपर्यंत, बागेला दोन फेऱ्या आणि परत. मामा आपली पावलं मनात मोजणार. मी साक्षीदार, मी दोन हात मागून, त्यांच्या चपलांवर नजर ठेवून तीच पावलं मोजायची. दर शंभराला एक चिंचोका उजव्या खिशातून डाव्या खिशात. बोलायचं नाही. परत आल्यावर दोघांनी आपापला आकडा चिठ्ठीवर लिहायचा आणि मग घड्याळ बघायचं. तिन्ही आकड्यांत दहापेक्षा जास्त फरक नको, आणि असं ओळीने सात दिवस जमलं पाहिजे. जमलं की सही, शिक्का, यंत्र पास. "आणि मग?" मी विचारलं. "मग काय, ते मुलीला परत आणि मी माझ्या खुर्चीत मोकळा," मामा म्हणाले.

मान खाली घालून एका म्हाताऱ्याच्या टाचा बघत चाललेला माणूस पाहून लोकांना काय काय वाटायचं! एका बाईंनी तर थांबून विचारलं, "काही पडलंय का तुमचं?" मला उत्तर देता येईना, कारण मी सातशे त्रेचाळीसवर होतो. सुरुवातीला यंत्र खरोखरच नापास व्हायचं. मामा हात पाठीशी बांधून चालायचे, त्यामुळे ते पावलं गिळायचं. हे मुलीने समजावून दिल्यावर मामा हात मोकळे सोडून, सैनिकासारखे झुलवत चालायला लागले, आणि आकडे जुळायला लागले. एक दिवस, दोन दिवस, सहा दिवस. तिकडे मुलीला रोज तीन-तीन हजार पावलं दिसत होती. तिचा आवाजच बदलला होता. डब्यातल्या आमटीलाही पुन्हा शेरे यायला लागले होते. आणि उद्या सातवा दिवस! यंत्र पास झालं की मामा पुन्हा खुर्चीत.

सातव्या दिवशी मी चिठ्ठीवर चाळीस पावलं जास्त लिहिली. मामांनी चिठ्ठी वाचली, चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "तीस वर्षं गणित शिकवलंत ना? तुमच्या हाताखालून गेलेली मुलं आता पूल बांधत असतील. मी नदी पोहून जाईन म्हणतो." तपासणी पुन्हा पहिल्या दिवसापासून सुरू झाली. मग ते ठरूनच गेलं. सहा दिवस बरोबर, सातव्या दिवशी माझी चूक, पुन्हा पहिला दिवस. असे आठ महिने मी अपमान गिळले. हिच्या देखत, जावयांच्या पंगतीत, एकदा तर माझ्याच जुन्या विद्यार्थ्यासमोर.

गेल्या महिन्यात घोटाळा झाला. सातवाच दिवस होता. क्लासला निघालेली एक मुलगी स्कूटर थेट फुटपाथवर घालून हॉर्न वाजवायला लागली. मी तिच्यावर ओरडलो, आणि त्या नादात चिंचोका सरकवला की नाही तेच विसरलो. आता चाळीस मिळवायचे तरी कशात? मी डोळे मिटून एक आकडा ठोकून दिला. घड्याळ बघतो तर फरक फक्त सहाचा! मामांनी घड्याळ पाहिलं, माझी चिठ्ठी पाहिली, मग स्वतःची. ती घडी करून त्यांनी खिशात टाकली. "आज माझंच चुकलं," ते म्हणाले. "सत्तेचाळीसचा फरक. वय झालं."

चपला काढायला ते वाकले तशी चिठ्ठी खिशातून पडली. मी उचलली. त्यांचा आकडा आणि घड्याळाचा आकडा, एका पावलाचाही फरक नव्हता.

मी वर पाहिलं तर मामा माझ्याकडेच बघत होते. "तुम्ही दर सातव्या दिवशीच कसे हो चुकता, मास्तर?" ते शांतपणे म्हणाले. "मला पहिल्याच खेपेला कळलं होतं. चौतीस वर्षं मी काय झोपा काढल्या?"

"मग बोलला का नाहीत?"

ते खुर्चीत बसले. मनगटावरचं घड्याळ फिरवत राहिले. मला तीस वर्षांचं धैर्य एकदम आलं. म्हटलं, "मामा, माझ्यावरची ती अट काय होती?"

"अट कसली? काही नव्हती. पास केलेला माल गाडीत चढतो आणि जातो, पुन्हा दिसत नाही. अट ठेवली की परत बघायला जाता येतं." मग गॅलरीबाहेर बघत म्हणाले, "आमटी उत्तम असायची. तिला एकदा सांगायला हवं होतं."

मी पाणी आणून दिलं. त्यांनी ते पेला उजेडात धरून, बघून मगच प्यायलं.

दुसऱ्या दिवशी सहाला मामा फाटकाशी उभे. "पहिला दिवस," त्यांनी जाहीर केलं आणि पाऊल उचलता उचलता मागे न बघता म्हणाले, "या खेपेला सातव्या दिवशी तुम्ही चुकायचं. माझी पाळी झाली." मी त्यांच्या चपलांवर नजर ठेवून मोजायला लागलो. पण डोळे भरून आले होते, चपला धड दिसेनात, आणि पहिल्या शंभरातच माझं मोजणं चुकलं. या खेपेला मी ते मुद्दाम चुकवलं नव्हतं.