बळीराम गाडी बघायला जातो

आमच्या हुमनाबादमध्ये जुनी गाडी घ्यायची म्हटलं की आधी बळीरामला चहाला बोलवायचं, अशी दहा-बारा वर्षं पद्धत होती. बळीराम मूळचा जवळच्या निर्णा गावचा. त्याने एकतीस वर्षं सरकारी बस चालवली. त्यातली एकोणीस वर्षं मी त्याच्या मागे तिकिटं फाडत उभा होतो, म्हणून त्याच्याबद्दल चार ओळी लिहायचा मला हक्क आहे असं धरून चालतो. माझं लिहिणं वेबिलाच्या, म्हणजे कंडक्टरच्या तिकीट-हिशेबाच्या कागदाच्या, पलीकडे कधी गेलेलं नाही.

बळीरामच्या बसचा काटा साठाच्या पुढे गेलेला मी पाहिला नाही. कॉलेजची पोरं आमच्या बसला बैलगाडी म्हणायची. बळीराम आरशात बघून म्हणायचा, "बैलगाडीतून पडून कुणी मेलंय का रे? मग बसा गप." एकतीस वर्षांत त्याच्या बसखाली एक कोंबडीसुद्धा आली नाही.

गाडी बघायची त्याची एक रीत होती. लोक आधी रंग बघतात, मग बॉनेट उघडतात. हा चप्पल बाहेर काढून ड्रायव्हरच्या सीटवर बसायचा आणि खाली वाकून पायाखालची रबरं बघायचा. क्लचचं, ब्रेकचं, रेसचं. "माणूस कसा चालतो ते चपलेवरून कळतं," तो म्हणायचा, "आन् गाडी कशी चालवली ते ह्या रबरावरून. मीटर मागं फिरवता येतो, रबर न्हाई." मग एक चक्कर मारायची आणि हो किंवा नाही सांगायचं. मोबदला म्हणजे एक कप चहा.

ही पद्धत मोडली ती व्यंकटच्या गाडीमुळे. व्यंकटचं झेरॉक्सचं दुकान आहे. दोन वर्षांपूर्वी त्याने बाहेरगावची एक जुनी गाडी बळीरामला दाखवून घेतली. रबरं चांगली होती, इंजिन गोड चाललं, बळीरामने हो म्हटलं. दोन महिन्यांत काचा वर-खाली होईनात, हॉर्न आपोआप वाजायला लागला. मेकॅनिकने डिकीतलं कार्पेट उचललं तर खाली वाळलेला गाळ. गाडी कुठल्यातरी पुरात बुडून आलेली होती.

व्यंकट रागावला असता तर बरं झालं असतं. तो हसला. आणि सगळ्या गावाला सांगत सुटला. आधी तो गाळ निघाला म्हणायचा, पुढे गोगलगाय निघाली, आणि दिवाळीपर्यंत मासा निघाला. दर खेपेला मासा बोटभर वाढत होता. ऐकणारे हसायचे, व्यंकट हसायचा. बळीराम चहा अर्धा ठेवून उठायचा. त्यानंतर त्याने कुणाची गाडी बघितली नाही. कुणी बोलवायला आलं तर म्हणायचा, "आता माझी नजर गेली. नवी घ्या."

त्याची मुलगी पंचशीला गुलबर्ग्याला पाटबंधारे खात्यात इंजिनिअर आहे. कॅनॉलच्या कामांवर रोज शंभर-सव्वाशे किलोमीटर फिरते. गेल्या पौषात ती शनिवारी घरी आली, तेव्हा मी बळीरामच्या ओसरीवर बसलो होतो. तिने मोबाईल बापापुढे धरला.

"आबा, मला गाडी घ्यायचीय. परफॉर्मन्स हॅचबॅक."

"म्हंजे काय असतंय?"

"दिसायला छोटी, पळायला मोठी. टर्बो असतो आत."

"तुझ्या आईवानी," बळीराम म्हणाला.

आतून चांगुणाबाईंचा आवाज आला, "ऐकू येतंय मला."

पंचशीलाने हिशेब सांगितला. नवी गाडी रस्त्यावर आणेपर्यंत तेरा लाख नव्वद हजार. तीच गाडी तीन वर्षं वापरलेली, नऊ ते साडेनऊ. आणि गुलबर्ग्यात एक आहे, शिवशंकरप्पा म्हणून डाळ मिलवाले आहेत, त्यांची. तीन वर्षांची, फक्त अकरा हजार किलोमीटर चाललेली. सव्वाआठ लाख.

"एवढी स्वस्त कामून?" बळीरामने विचारलं, आणि लगेच मान फिरवली. "नवी घे. मला नको इचारू."

"नवी घ्यायला तुमी कशाला पाहिजे? नवी तर हे अण्णाकाकाबी निवडतील."

मी खाली बघितलं. खरं सांगायचं तर मला नवीसुद्धा निवडता आली नसती.

"हे बघा आबा," पंचशीला म्हणाली, "तुमी बघून हो म्हणलात तर ती घेईन. न्हाई बघितली तर उद्या नवी बुक करते. वरचे साडेपाच लाख तुमच्या त्या माशाच्या नावानं खर्च झाले म्हणून सांगेन सगळ्यांना."

बळीरामने मोबाईलवरचा गाडीचा फोटो डोळ्यांजवळ नेऊन बघितला. मग म्हणाला, "अण्णाराव येत असला तर येतो."

मला का, ते मला कळलं. चूक झालीच तर दोघांत वाटून घेता येते.

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघे गुलबर्ग्याला गेलो. तुलना करायची तर नवीही बघू म्हणून आधी शोरूममध्ये शिरलो. टाय घातलेल्या मुलाने कागदावर आकडे लिहिले. गाडी अकरा लाख चाळीस. मग टॅक्स, इन्शुरन्स आणि आणखी काय काय मिळून तेरा नव्वद. हा ऑन-रोड भाव, तो म्हणाला.

"रोडवर आणायला अडीच लाख?" बळीराम म्हणाला. "मी एकतीस वर्षं रोज आणायलो, कुणी अडीच रुपयेबी दिले न्हाईत."

गाडी लालभडक होती. बळीराम आत बसला, खाली वाकला, आणि लगेच बाहेर आला. "हिच्यात वाचायला काय न्हाई अजून," म्हणाला.

शिवशंकरप्पा मिलच्या आवारात खुर्ची टाकून बसले होते. सत्तरीचे, कपाळावर विभूती, अंगावर तुरीची बारीक धूळ. "या री, बसा री," म्हणत त्यांनी चहा मागवला. गाडी त्यांच्या मुलाची, संगमेश्वरची. त्याने हौसेने घेतली आणि सहा महिन्यांत परदेशी नोकरीला गेला. तेव्हापासून घर ते मिल आणि मिल ते घर शिवशंकरप्पाच चालवत होते.

"किती जोरात चालवता?" पंचशीलाने विचारलं.

"तिसरा गिअर पुरतो की अक्का. चौथा मी अजून बघितला न्हाई."

बळीरामने चप्पल काढली. तो आत बसून वाकला तेव्हा मी त्याची पाठ बघत होतो. बराच वेळ वाकलेला राहिला. मग मला हाक मारून दाखवलं. ब्रेकचं रबर कडेला घासून गुळगुळीत झालेलं. रेसच्या पेडलवर मात्र कारखान्यातून आलेले ठिपके जसेच्या तसे. "हिला कुणी पळवलंच न्हाई," तो हळूच म्हणाला.

नंतर त्याने पूर्वी कधीच केली नव्हती अशी गोष्ट केली. डिकी उघडली, कार्पेट उचललं आणि हात आत घालून तळ चाचपला. कोरडा ठणठणीत. हाताला लागली ती मूठभर तुरीची डाळ.

"मासा न्हाई," पंचशीला म्हणाली.

"गप," बळीराम म्हणाला, पण ओठ हलले होते.

मग चक्कर. बळीराम चालवायला, पंचशीला शेजारी, मी मागे. शिवशंकरप्पा म्हणाले, तुम्हीच जा, मला लोडिंग आहे. आम्ही रिंग रोडला लागलो. रस्ता मोकळा होता. बळीरामने रेस दिली आणि गाडी कशीबशी हलली. पुलाच्या चढाला तर अगदी जत्रेच्या दिवशी आमची बस चढायची तशी चढली.

पंचशीलाचा चेहरा उतरला. "ही परफॉर्मन्स? आबा, हिच्यापेक्षा माझी स्कूटी बरी."

बळीरामने गाडी बाजूला घेतली. स्टेरिंगवर हात तसेच ठेवून म्हणाला, "रबर एक सांगतंय आन् गाडी दुसरं. म्हंजे माझं रबर बघणंच खोटं. व्यंकटच्या टायमालाबी असंच झालं. सोड, नवी घे." इतक्या वर्षांत बस घाटात बंद पडली तरी त्याचा असा आवाज मी ऐकला नव्हता.

आता इथे माझी चूक सांगितली पाहिजे. मिलमधून निघाल्यापासून मला मागून एक दिसत होतं. काट्याजवळ काळी चिकटपट्टी लावलेली होती आणि तिच्या कडेने पिवळा उजेड फटीतून यावा तसा येत होता. मी बोललो नाही. वाटलं, गाडीतला मी कोण जाणकार? एकोणीस वर्षं मागे उभं राहून मला एवढंच कळलं होतं की ड्रायव्हरला मागून सल्ला द्यायचा नाही. पण बळीरामचा तो आवाज ऐकून मी म्हणालो, "ती पट्टी कशाला लावली असेल?"

पंचशीलाने नखाने पट्टी सोलली. खाली इंजिनचा पिवळा दिवा ढणढणत होता.

"फसवायलाय म्हातारा!" ती उसळली. लगेच फोन लावला. स्पीकरवर शिवशंकरप्पांचा शांत आवाज आला, "तो दिवा व्हय? वर्ष झालं, सारखा डोळ्यात जायलाय, म्हणून झाकला. गाडीला तर काय होत न्हाई. जरा ताकद कमी झालीय, वयामुळं."

"तीन वर्षांचं काय वय?" पंचशीला म्हणाली.

पण बळीराम खाली उतरलाही होता. त्याने बॉनेट उघडलं आणि एकदम मोठ्याने हसला. इंजिनच्या कडेला, हवेच्या पाइपाजवळ, कापसाचं आणि चिंध्यांचं गुबगुबीत घरटं. त्यात डाळीचा साठा. डाळ मिलच्या आवारात वर्षभर उभी राहणारी गाडी, उंदराला ह्याहून चांगला बंगला कुठला? पाइपावरच्या सेन्सरची बारीक वायर अर्धी कुरतडलेली होती.

पंचशीलाने वाकून बघितलं. शेवटी इंजिनिअर ती. "आबा, हवेचा अंदाज मिळंना म्हणून गाडी स्वतःला आवरून धरायलीय. टर्बो बंद करून बसलीय."

"म्हंजे रबर खरं बोललं," बळीराम म्हणाला. "बैल म्हातारा न्हाई. पायात काटा हाय."

वायर जोडायला काही नव्हतं. मग त्याने दिव्यावरून काढलेली तीच काळी पट्टी घेतली, तारा पिळून जोडल्या आणि तिच्यावर गुंडाळली. गाडी बंद केली, चालू केली. दिवा तसाच. पुन्हा बंद, पुन्हा चालू. तिसऱ्या खेपेला दिवा विझला.

"अण्णाराव," बळीराम आरशात बघून म्हणाला, "बेल दे."

मी सीटच्या पाठीवर दोनदा टकटक केलं. डबल बेल.

पुढचं मला नीट लिहिता येईल का माहीत नाही. बळीरामने पाय दाबला, अर्धा क्षण काहीच झालं नाही, मग आतून एक शीळ आली आणि माझी टोपी मागच्या काचेवर गेली. काटा साठाला पोहोचला. मी सवयीने वाट बघत होतो की आता थांबेल. तो सत्तरावर गेला, ऐंशीवर गेला. बळीराम ओरडला, "अगं आई!" पंचशीला टाळ्या वाजवत होती. ऐंशीवर त्याने पाय उचलला आणि गाडी हळू करत आणली, पण हसू काही कमी झालं नाही. सहासष्ट वर्षांच्या माणसाला इतकं हसताना बघून शेजारून जाणारा ट्रकवालाही हसला.

मिलकडे परतताना पंचशीला म्हणाली, "आबा, आता तिथं काय बोलू नका. सव्वाआठ द्यायचे, निघायचं."

बळीरामने गिअर बदलला. मला त्याची मान दिसत होती, आणि त्या मानेचं मला सगळं कळतं.

पण मिलमध्ये तिलाच राहवलं नाही. पंचशीलाने विचारलंच, "अप्पा, सव्वाआठ हा भाव तुमी काढला कसा?"

"त्यात काय," शिवशंकरप्पा म्हणाले. "तूर गोदामात ठेवली की दर साली घट येते, भुंगा लागतो. तीन सालाची घट धरली. वर ताकद गेलेली. जुनी तूर कोण घेतंय?"

"अप्पा," बळीराम म्हणाला, "भुंगा न्हाई, उंदीर हाय. आन् गाडीची ताकद गेली न्हाई. बाजारात हिला नऊच्या वर मिळतील."

पंचशीलाने कपाळावर हात मारला.

शिवशंकरप्पा स्वतः गाडीत बसले, पंचशीलाला शेजारी घेऊन एक चक्कर मारून आले. उतरले तेव्हा विभूती घामाने ओघळली होती. "चौथा गिअर बघितला," ते म्हणाले. मग खुर्चीत नीट बसून, "मग नऊ!"

शेवटी व्यापारीच तो. पुढचा अर्धा तास पंचशीलाने टायर तीन वर्षांचे असल्याचं सांगितलं, बॅटरीचं सांगितलं, उंदराने आणखी काय खाल्लं असेल देव जाणे असं सांगितलं. आठ लाख साठ हजाराला सौदा ठरला. वर शिवशंकरप्पांनी पाच किलो डाळ दिली. डिकीतली नव्हे, चांगली.

पुढच्या आठवड्यात कागदपत्रं झाली आणि आम्ही गाडी घेऊन निघालो. आता पंचशीला चालवत होती. कमलापूरला लाल केळी घ्यायला थांबलो.

"आबांचं तोंड पस्तीस हजाराला पडलं," ती म्हणाली.

"नवीपेक्षा तरी पाच लाख तीस वाचले ना?" बळीराम केळं सोलत म्हणाला. "आन् तुझ्या गाडीला कुणी मागनं नाव ठेवणार न्हाई. व्यंकटच्या गाडीत मी तळ बघितला न्हाई. हिचा बघितला. बस."

हुमनाबादला पोहोचलो तर चौकात व्यंकट उभाच. गाडीभोवती एक फेरी मारून म्हणाला, "बळीअण्णा, माझ्या मेव्हण्याला जुनी गाडी बघायचीय. येता का? का अजून नजर गेलेलीच हाय?"

आम्ही दोघांनी बळीरामकडे बघितलं. त्याने केळ्याची साल नीट घडी करून माझ्या हातात दिली.

"येतो," तो म्हणाला. "चहा सांग. आन् मेव्हण्याला म्हणावं, डिकी उघडून ठेव. तुझा मासा आता केवढा झालाय?"

व्यंकटने दोन्ही हात पसरून दाखवले.

"एवढा मोठा त्या डिकीत मावतच न्हाई," बळीराम म्हणाला, आणि व्यंकटने मागवलेला चहा शेवटच्या घोटापर्यंत प्यायला.