आधी ऐकणार, मग बाटली

माझा मामा नाकावर माशी बसू न देणारा माणूस. गॅरेजात कुणी येऊन म्हणालं, "मामा, इंजेक्टर क्लीनरची एक बाटली पेट्रोलात टाकून द्या ना," की हा हातातला पाना खाली ठेवून त्याच्यापुढे उभा राहायचा. "कुणी सांगितलं? व्हिडिओत बघितलंत? मग त्या व्हिडिओवाल्याकडेच न्या गाडी." आणि भिंतीकडे बोट दाखवायचा. भिंतीवर त्यानेच निळ्या रंगात लिहून ठेवलं होतं: आधी ऐकणार, मग बाटली.

ऐकणार म्हणजे खरोखर ऐकणार. हातभर लांब स्क्रू ड्रायव्हर, टोक इंजेक्टरवर, मूठ उजव्या कानाला, डोळे मिटलेले. गाडी चालू असली की प्रत्येक इंजेक्टर पेट्रोलचा फवारा सोडताना टिकटिकतो. टिकटिक मंद असेल तर आत घाण धरलीय. मग बाटली टाका, गाडी लांब फिरवून आणा, बरेचदा फरक पडतो. टिकटिकच नसेल तर वायर गेलीय किंवा इंजेक्टर मेलाय. तिथे बाटली काय करणार? आणि गाडी धडधाकट असेल तर चांगल्या पंपाच्या पेट्रोलात असतं तेवढं औषध पुरतं. "तब्येत बरी असताना औषध कोण पितं?" असं तो गिऱ्हाइकालाच विचारायचा. लोक चिडायचे, पण तीन वस्त्या ओलांडून त्याच्याकडेच यायचे.

मी त्याची भाची. आठ वर्षं काउंटर सांभाळते: फोन, जॉब कार्डं, सुट्या भागांची मागणी. मीच हट्ट करून गाडीतला बिघाड दाखवणारा कॉम्प्युटरवाला स्कॅनर आणला होता. त्याने तो कपाटात ठेवून दिला. पडद्यावरचा प्लास्टिकचा कागदसुद्धा काढला नाही.

गेल्या वर्षी काहीतरी बदललं. मामा हाका मारल्या तरी वळेना. फोन माझ्याकडेच सरकवू लागला. स्क्रू ड्रायव्हर उजव्या कानावरून डाव्यावर आला. चाळीस वर्षं ग्राइंडर आणि हवेच्या पान्याशेजारी उभा राहिलेला माणूस, मला कळायला हवं होतं. खरं सांगायचं तर कळलंही होतं. पण विचारायचं कुणी? त्याचा कान हीच आमच्या गॅरेजची पाटी होती आणि माझी भाकरीही त्यावरच होती. मी मूग गिळून बसले.

मग एकदा समोरच्या स्पेअर पार्टवाल्याकडे गेले, तर तो हसून म्हणाला, "काय गं, तुझ्या मामाचं मनपरिवर्तन झालं की काय? माझ्या बाटल्यांचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक तोच आहे आता."

मीही हसले. परत आल्यावर मात्र भिंतीवरच्या त्या निळ्या अक्षरांकडे बघवेना.

त्याच आठवड्यात सिस्टर आल्या. घरोघरी जाऊन अंथरुणाला खिळलेल्या पेशंटचं बघणाऱ्या नर्स, पन्नाशीच्या, बोलायला रोखठोक. महिन्यापूर्वी त्यांची गाडी झटके देत होती म्हणून आणली होती. मामाने स्क्रू ड्रायव्हर लावला होता, मान डोलावली होती आणि बाटली टाकून पाठवलं होतं.

"मामा, काल हमरस्ता ओलांडताना गाडी मधोमध बंद पडली," त्या आत शिरल्या शिरल्याच मोठ्याने म्हणाल्या. "मागे ट्रक होता. त्याने ब्रेक मारला म्हणून आज उभी आहे मी इथे. तुमच्या बाटलीनंतर झटके कमी नाही, वाढलेत."

मामाचं तोंड उतरलं. "बघतो," एवढंच म्हणाला आणि बॉनेट उघडलं. सिस्टरनी गाडी चालू केली. मामा स्क्रू ड्रायव्हर आणायला मागच्या फळीकडे गेला, तेवढ्यात सिस्टरचा फोन वाजला. बोलणं नीट ऐकू यावं म्हणून त्यांनी गाडी बंद केली आणि किल्ली घेऊन खाली उतरल्या. रेडिएटरचा पंखा तेवढा घरघरत राहिला.

मामा परत आला. वाकला. टोक इंजेक्टरवर, मूठ कानाला, डोळे मिटलेले. पंख्याची थरथर त्याच्या हाताला लागत असणार. एक, दोन, तीन, चार, चारही इंजेक्टरवर सावकाश टोक ठेवलं.

"दोन नंबरचा जरा मंद आहे," तो म्हणाला. "बाकी मस्त चाललेत. अजून एक बाटली लागेल."

सिस्टरनी फोन खाली घेतला. हातातल्या किल्लीकडे बघितलं, मग माझ्याकडे.

मी काय केलं असेल? अजून लाज वाटते. मी पुढे होऊन ओरडले, "मामा, सिस्टर परत चालू करतायत हं!" म्हणजे झाकायलाच गेले मी. कालच्या ट्रकचं ऐकून वर झाकायला गेले.

पण माझं ओरडणं त्याने ऐकलं. आधी किल्लीकडे, मग पंख्याकडे पाहिलं. डाव्या हाताने कपाळ पुसलं, तिथे काळा पट्टा उमटला. मग तो स्क्रू ड्रायव्हर त्याने माझ्यापुढे धरला.

"तू ऐक."

सिस्टरनी गाडी चालू केली. मी कधीच ऐकलं नव्हतं, पण त्यात कळायला अवघड काही नव्हतं. पहिल्यावर टिकटिक, दुसऱ्यावर टिकटिक, चौथ्यावर टिकटिक. तिसऱ्यावर काहीच नाही. मी तीन बोटं वर केली आणि मान हलवली. मामाने तिसऱ्याच्या वायरीवरची टेप उलगडली. आत तार तुटून हिरवी पडली होती. कधी टेकायची, कधी नाही. टाकी भरून बाटल्या ओतल्या असत्या तरी ती जोडली गेली नसती.

मामा सिस्टरसमोर उभा राहिला. "मागच्या वेळी मला ऐकू आलं नव्हतं," तो म्हणाला. "ऐकल्याचं सोंग केलं मी. चूक झाली."

मला वाटलं त्या नर्स आहेत, समजून घेतील, होतं असं या वयात, म्हणतील. त्यांनी तसलं काही केलं नाही. त्याला ओठ दिसावेत अशा अगदी समोर आल्या आणि सावकाश विचारलं, "आणखी किती जणांना दिलीत बाटली?"

मामा आत गेला आणि वर्षाच्या जॉब कार्डांची फाइल घेऊन आला. कपाटातून स्कॅनरही काढला आणि त्याच्यावरचा प्लास्टिकचा कागद नखाने सोलून काढला. आम्ही दोघांनी काउंटरपाशी बसून बाटली दिलेल्यांची कार्डं वेगळी केली. एकेचाळीस निघाली. फोन तो करू शकत नव्हता, म्हणून मीच करायला घेतले.

पहिलं कार्ड रंगाऱ्याचं होतं. त्याला म्हटलं, मामाने सांगितलंय, गाडी घेऊन या, बाटलीवर विसंबू नका, परत तपासायची आहे.

"का? काय झालं?" रंगारी म्हणाला. "गाडीत काही धोका आहे का? गेल्याच आठवड्यात पोरांना घेऊन घाट उतरून आलोय मी. मामांना द्या फोन."

मी मान वर केली. मामा माझ्या तोंडाकडे बघत होता. पलीकडचा माणूस काय म्हणतोय, ते तिथे शोधत होता.