आर्वो लेहतिनेनचा डावा डोळा

१९७१ च्या जानेवारीत, रविवारच्या दुपारच्या आइस हॉकीच्या सामन्यात, आर्वो लेहतिनेनच्या डाव्या डोळ्यात एका काठीचं टोक घुसलं. मुद्दाम कुणी मारलं नव्हतं. गोलाच्या तोंडाशी तिघं एकमेकांवर पडले, त्यात एकाची काठी वर आली, एवढंच. आर्वो आपला आपण उठला, डोळ्यावर हातमोजा दाबून बाहेर गेला, आणि लोकांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या. लार्च पोर्टेज गावात बर्फावर रक्त सांडून स्वतःच्या पायांनी बाहेर जाणाऱ्याला टाळ्या मिळतातच.

तो तेव्हा एकोणतीस वर्षांचा होता. कागदाच्या गिरणीत लाकडं सोलणाऱ्या बापाचा मुलगा. एकोणिसाव्या वर्षी पैसे घेऊन खेळायला लागला, चार गावं फिरला, मोठ्या लीगमध्ये अकरा सामने खेळून परत पाठवला गेला आणि शेवटी आपल्याच गावच्या संघात येऊन स्थिरावला. बचावपटू होता. गोल करणं त्याला फारसं जमायचं नाही. समोरून कुणी पक हाणला की त्याच्यापुढे आडवं पडायचं, ही त्याची विद्या. ती रबरी चकती गोठून दगड झालेली असते. तिने त्याचं नाक दोनदा मोडलं होतं, पुढचे चार दात नेले होते. पण तो कधी कचरला नव्हता.

थंडर बे शहरातल्या डॉक्टरांनी पट्टी काढली तेव्हा हेल्वी, त्याची बायको, शेजारी उभी होती. डॉक्टर म्हणाले, "डोळा राहिला, नजर गेली. ती आता येणार नाही."

परतीच्या वाटेवर गाडी हेल्वीच चालवत होती. तास-दीड तास रस्ता मागे पडला. मग आर्वो म्हणाला, "एका डोळ्याच्या माणसाला लीग खेळू देत नाही."

"माहीत आहे मला."

"मला दुसरं काही येत नाही, हेल्वी."

"गिरणी आहे."

"गिरणीत बाबांची तीन बोटं गेली."

हेल्वीने रस्त्यावरची नजर हलवली नाही. "मग काय करणार आहेस?"

"डोळा बरा झाला म्हणून सांगणार."

आणि त्याने तसंच सांगितलं. संघाचे डॉक्टर पेटिग्रू सत्तरीचे, गावातल्या निम्म्या लोकांची बाळंतपणं केलेले. त्यांच्या खोलीत अक्षरांचा तक्ता होता. आर्वोने आधी डावा डोळा झाकून तो वाचला आणि मनात घोकला, मग उजवा झाकून घडाघडा म्हणून दाखवला. डॉक्टरांनी सही केली. 

त्या दिवशी जी भीती त्याच्या पोटात शिरली ती चार वर्षं मुक्कामाला राहिली. दर सप्टेंबरात तपासणी यायची आणि त्याआधी आठवडाभर त्याला अन्न गोड लागायचं नाही. डॉक्टरांनी तक्ता बदलला तर? घरात कॉफी ओतताना ती कपाबाहेर जायची. चारचौघांत तसं होऊ नये म्हणून तो बाहेर कॉफीच घेईनासा झाला. दुकानात डावीकडून कुणी हाक मारली की तो दचकायचा. आपण दचकलो हे समोरच्याला दिसलं का, याची आणखी वेगळी भीती.

बर्फावर मात्र एक सोय होती. तो डाव्या बाजूचा बचावपटू. समोर तोंड करून उभा राहिला की डावीकडे रिंकच्या, म्हणजे बर्फाच्या मैदानाच्या, कडेची लाकडी फळी, आणि फळीतून कुणी येत नाही. सगळा खेळ उजवीकडे. पाठ फिरवून पक आणायला जावं लागे तेव्हाच काय ती अंधाराची बाजू उघडी पडायची. मग तो कानांवर खेळायचा. स्केटची पाती बर्फ कापत येतात त्याचा आवाज ओळखायचा. शिवाय रेमी थिबो होता.

रेमी उजव्या बाजूचा बचावपटू, त्याचा जोडीदार. क्वेबेकचा, ठेंगणा, तोंडाला कुलूप म्हणून नाही. खेळताना अखंड ओरडायचा. "डावीकडे आला! मागे दोघं! सोड, माझा आहे!" इतर खेळाडू त्याला आकाशवाणी म्हणायचे. आर्वो त्या आवाजाच्या जिवावर जगत होता, आणि रेमीला त्याचा पत्ता नव्हता.

"तुला पाठीला डोळे आहेत लेका," रेमी एकदा मोजे काढता काढता म्हणाला. "न बघताच कसा कळतो रे तुला माणूस?"

आर्वो हसला. मग मोरीत जाऊन त्याने उलटी केली.

चौथ्या मोसमात, मार्चमध्ये, बाद फेरीच्या मालिकेतल्या एका सामन्याच्या दिवशी सकाळी प्रशिक्षक मर्व डगन खडू घेऊन फळ्यापुढे उभा राहिला. "त्यांचा तो सोनेरी केसांचा वेगवान गडी आपल्या उजव्या बाजूने घुसतो. त्याला आर्वो अडवेल. आर्वो, तू उजवीकडे. रेमी, तू डावीकडे."

 उजवीकडे उभं राहिलं की फळी चांगल्या डोळ्याला, आणि सगळं रिंक अंधारात.

"मी कायम डावीकडेच खेळलोय, मर्व."

"मग आज उजवीकडे खेळ. चौदा वर्षं झाली तुला खेळायला लागून. नव्या नवरीसारखा लाजतोस काय?"

सगळे हसले. खरं सांगायची ती वेळ होती. त्याने तोंड उघडलंही. पण समोर वीस जणांचे चेहरे बघून ते मिटलं.

जेवून खेळाडू दुपारी तासभर झोपतात. आर्वो छताकडे बघत पडला. हेल्वी दारात आली. "जाऊ नकोस. पोट बिघडलं म्हणून सांग."

"उद्याही उजवीकडेच ठेवतील."

"मग उद्याही बिघडू दे." ती आत आली. "तुला कुणीतरी मारून टाकेल, आर्वो. तुला दिसणारसुद्धा नाही कुणी मारलं ते."

तोही तेवढीच भीती धरून होता, स्वतःच्या जिवाची. दुसऱ्या कुणाच्या जिवाचा विचार त्याच्या मनाला शिवला नव्हता. पुढे आयुष्यभर त्याला टोचत राहिलं ते हेच.

पहिला डाव निभावला. गर्दी इतकी होती की रेमीचं ओरडणं ऐकू येत नव्हतं. दुसऱ्या डावात पक उजव्या कोपऱ्यात गेला. आर्वोने धावत जाऊन गाठला. मागून पात्यांचा आवाज आला, जवळ, अगदी जवळ. तो सोनेरी केसांचाच असणार. आर्वो गर्रकन वळला आणि अंगातल्या सगळ्या ताकदीने पक डावीकडे हाणला.

चार पावलांवर रेमी होता. पक घ्यायला आला होता. काठी पुढे केलेली, तोंड उघडं, बहुतेक "माझा आहे" म्हणत. डोक्यावर टोप, म्हणजे हेल्मेट, नाही. तेव्हा जुने खेळाडू घालत नसत.

हाडावर पक बसल्याचा आवाज आर्वोने ऐकला, मग मान वळवली, तेव्हा दिसलं. रेमी गुडघ्यांवर होता आणि दोन्ही हातांनी चेहरा धरून बसला होता, जणू सोडला तर खाली पडेल. 

"अरे, समोर तर होता तो!" संघातलाच कुणीतरी म्हणाला. "दिसला नाही तुला?"

गालाचं हाड चुरलं होतं. डोळ्यात रक्त साकळलं होतं. इस्पितळातले डॉक्टर म्हणाले, पाच दिवस पट्टी राहील, तोवर डोळ्याचं काही सांगता येत नाही.

ते पाच दिवस आर्वोने कसे काढले ते हेल्वीलाच ठाऊक. तो जेवला नाही, दाढी केली नाही. इस्पितळाच्या दारापर्यंत दोनदा जाऊन परत आला. फोन वाजला की अंगणात निघून जायचा. डोळा गेला असेल तर? आपण चार वर्षं ज्या खड्ड्यात आहोत त्यात आपल्याच हाताने रेमीला ढकललं असेल तर?

पाचव्या दिवशी पट्टी निघाली. डोळा वाचला होता. थोडं अंधुक दिसत होतं, पण दिसत होतं. आर्वोने ते ऐकलं आणि मगच खोलीत पाऊल टाकलं.

रेमीचा अर्धा चेहरा जांभळा झाला होता. जबडा तारेने बांधलेला, त्यामुळे तो दातांतूनच बोलत होता. "ये. असं तोंड पाडून काय उभा आहेस? खेळात होतं."

"खेळात नाही झालं." आर्वो पलंगाच्या कडेशी उभाच राहिला. "मला डाव्या डोळ्याने दिसत नाही, रेमी. चार वर्षं झाली."

रेमीने आपल्या जांभळ्या गालाला हात लावला. 

"कुणाला माहीत आहे?"

"हेल्वीला."

"आणि मी? चार वर्षं तुझ्या शेजारी उभा राहिलो मी. मला सांगितलं असतंस तर तुझ्या त्या बाजूला कधी गेलो नसतो ना!" तो उठायला गेला, वेदनेने परत आडवा झाला. "तू सांगतोस का मी सांगू? आजच्या आज. आणि मग इथे येऊ नकोस."

आर्वो तडक मर्वकडे गेला. मर्वने सगळं ऐकून घेतलं, उठून दार लावलं आणि हळू आवाजात म्हणाला, "हे मी ऐकलेलं नाही. दोन सामने उरलेत. तुला परत डावीकडे घालतो. एप्रिलमध्ये काय सांगायचं ते सांग."

आर्वोला वाटलं होतं की तो शिव्या घालेल, हाकलून देईल. ही गोष्ट त्याच्या ध्यानीमनी नव्हती. आणि खरी भीती तेव्हा वाटली, कारण मन चटकन हो म्हणत होतं. दोनच सामने. डावी बाजू. फळी.

तो तिथून निघाला आणि डॉक्टर पेटिग्रूंच्या घरी गेला. म्हातारा दारातला बर्फ फावड्याने उपसत होता. आर्वोने तिथेच उभं राहून सांगितलं. डॉक्टरांच्या हातातलं फावडं थांबलं. 

"चार वर्षं मी सही केली," ते म्हणाले. "चार वेळा."

"मी फसवलं तुम्हाला."

"मी नीट बघितलं नाही. घाई असायची मला." ते पायरीवर बसले. "चल, आत चल. लीगला पत्र लिहायला हवं. दोघांची नावं घालू."

आठवड्यात लीगचं उत्तर आलं. आर्वोचं खेळणं संपलं. डॉक्टरांनी संघाचं काम सोडलं. लार्च पोर्टेज दोन्ही सामने हरलं आणि गावातले काही लोक वर्षभर आर्वोशी बोलले नाहीत. खोटं बोलला म्हणून नाही, चुकीच्या वेळी खरं बोलला म्हणून.

त्याने गिरणीत नोकरी धरली नाही. टपाल कार्यालयात पत्रं लावायचं काम मिळालं, ते त्याने सव्वीस वर्षं केलं. रेमी पुढच्या मोसमात टोप घालून परत आला, पाच वर्षं खेळला. रस्त्यात भेटला तर मान हलवायचा, त्यापुढे शब्द नाही.

सहा वर्षांनी, एप्रिलच्या एका सकाळी, रेमी त्याच्या दारात उभा राहिला. हिवाळ्यात गोठलेल्या तळ्यावर उभारलेली मासे धरायची झोपडी त्याने वेळेवर ओढून काढली नव्हती आणि बर्फ पातळ व्हायला लागला होता. "तुझा ट्रक हवाय," तो म्हणाला. "आणि तूही."

दोघं काठाशी गेले. बर्फ करडा पडला होता, मधूनमधून पाणी साचलं होतं. झोपडी शंभर पावलांवर. रेमी पुढे निघाला. आर्वो जागचा हलला नाही.

"काय झालं?"

"मला भीती वाटतेय," आर्वो म्हणाला.

रेमीने वळून त्याच्याकडे बघितलं, मग बर्फाकडे, मग परत त्याच्याकडे.

"मग आधी बोलायचं ना, गाढवा," तो म्हणाला. "ट्रकमध्ये दोर आहे का?"