इनासकाकांची वाळूतली बाटली

किस्से जमवायला खूप बोलावं लागतं, असं लोकांना वाटतं. माझा अनुभव उलटा आहे. सून गप्प असली की तिच्यासमोर सगळे मोकळेपणाने बोलतात. ती चहाचा ट्रे घेऊन उभी आहे हेच विसरतात. मी लग्न होऊन वसईजवळच्या पापडीत आले त्याला आता दुसरा नाताळ झाला, आणि एवढ्यात माझ्याकडे जमले तेवढे किस्से माझ्या नवऱ्याकडे जन्मापासून जमले नाहीत. कारण तो बोलतो.

हे सगळे किस्से आमच्या ओट्यावरचे. नोव्हेंबर लागला की रविवारची चर्चमधली मिस्सा आटोपून मंडळी इथे येतात. उन्हाळ्यात काळी द्राक्षं आणून घरोघर बरण्यांत वाइन घातलेली असते, ती नाताळला काढायची. पण काढण्याआधी प्रत्येक जण औषधाच्या बाटलीत थोडी घालून माझ्या सासऱ्यांकडे आणतो. त्यांना अख्खी वाडी बाबा म्हणते, मीही म्हणते. बाबांनी चाखल्याशिवाय आमच्या आळीत बरणीचं फडकं सुटत नाही.

बाबा कधीही ‘चांगली’ किंवा ‘वाईट’ म्हणत नाहीत. वाइन कुणाला द्यायची तेवढं सांगतात. ‘केकात घाला’ म्हणजे संपलं. ‘पाहुण्यांना द्या’ म्हणजे चालेल. ‘जावयाला द्या’ म्हणजे छाती पुढे काढून घरी जायला हरकत नाही. आणि त्याच्याही वर ‘झाकून ठेवा’. म्हणजे अजून कुणाला द्यायच्या लायकीचं कुणी नाही. हे शेवटचं मी आजवर ऐकलेलं नाही.

*

माझ्या पहिल्याच रविवारी बस्त्यावकाका आले होते. केळीची मोठी वाडी, आवाज त्याहून मोठा, आणि वाइन दर वर्षी केकात. त्यांनी बाटली टेबलावर ठेवली आणि आधीच सांगून टाकलं, “बाबा, या वर्षी साखर मोजून घातली. बायकोला हात लावू दिला नाही.”

बाबांनी ग्लास नाकाशी नेला. डोळे मिटले. घोट घेतला, जिभेवर फिरवला, गिळला. मग बराच वेळ समोरच्या चाफ्याकडे बघत राहिले.

“बस्त्याव,” ते म्हणाले, “केक किती करणार आहेस?”

*

जॉनमास्तर शाळेत गणित शिकवतात आणि कुठलीही गोष्ट ताळा केल्याशिवाय मानत नाहीत. बाबांचं नाक खरं की नुसता रुबाब, हे तपासायचं त्यांनी ठरवलं. एकाच बरणीतली वाइन दोन बाटल्यांत भरली. एक स्वतः आणली आणि एक शेजाऱ्याच्या हाती तासाभराने पाठवली, शेजाऱ्याची म्हणून.

मास्तरांची चाखून बाबा म्हणाले, “पाहुण्यांना द्या.”

तासाभराने शेजाऱ्याची आली. मास्तर खुर्चीत सरसावून बसले. बाबांनी वास घेतला, चाखलीसुद्धा नाही. ग्लास खाली ठेवला आणि मास्तरांकडे बघून म्हणाले, “त्याच पाहुण्यांना द्या.”

ते ऐकून मी आत गेले आणि उगाचच दोनदा भांडी लावली. या घरात आपण सून म्हणून आलो याचा मला त्या दिवशी पहिल्यांदा अभिमान वाटला. नवऱ्याला तसं सांगितलं तर तो म्हणाला, “पहिल्यांदा? लग्नाला सहा महिने झाले.”

*

इनासकाकांचा किस्सा मात्र मी ऐकलेला, पाहिलेला नाही. त्यातली मेरीकाकू, म्हणजे त्यांची बायको, माझ्या लग्नाआधीच वारली.

इनासकाका बोटीवर स्टुअर्ड होते. बंदराबंदरातून बाटल्या आणायचे, ओट्यावर उघडायचे. बाबा आपला निकाल द्यायचे, सगळे माना डोलवायचे, आणि मग मेरीकाकू ग्लास घ्यायची, ओठ लावायची आणि म्हणायची, “आंबट.”

पोर्तुगालची आणा, इटलीची आणा. “आंबट.” एकदा बाबांनी तिला समजावून सांगितलं, की वाइन आंबटसर असतेच, त्यातच तिचा प्राण. काकूने ऐकून घेतलं. “असू दे. पण आंबट.” सगळ्या वाडीत बाबांचा निकाल न मानणारी ती एकच बाई.

शेवटी काकांनी फ्रान्समधल्या एका बंदरावरून सिरा नावाच्या काळ्या द्राक्षाची तांबडी वाइन आणली. (नावावरून तुमच्या मनात आता जो विनोद आला, तो बस्त्यावकाकांनी तेव्हाच केला. पुन्हा सांगत नाही.) विकणाऱ्याने काकांना बजावलं होतं, की आता उघडू नका, ही आज रागीट आहे, दहा वर्षांनी मऊ होईल. काका घरी येऊन म्हणाले, “मेरी, बोट सोडून कायमचा आलो की ही उघडू. तेव्हा नाही म्हणणार तू आंबट.”

पण पापडीच्या उकाड्यात वाइन दहा वर्षं ठेवायची कुठे? काकांनी खालच्या वाडीत, बावखलाच्या, म्हणजे गोड्या पाण्याच्या तळ्याच्या, काठी सावलीत एक रांजण अर्धा पुरला, त्यात वाळू भरली आणि बाटली आडवी घातली. वाळू ओली राहिली पाहिजे. काका बोटीवर गेले की रोज संध्याकाळी पानवेलींना पाणी घालून झाल्यावर मेरीकाकू एक तांब्या रांजणात ओतायची. बायका विचारायच्या, “काय पेरलंस गे?”

ती म्हणायची, “आंबट.”

काकांची शेवटची खेप चालू असतानाच ती गेली. काका कायमचे आले ते रिकाम्या घरात. बाटली काढली नाही. रोज संध्याकाळी तांब्याभर पाणी मात्र ओतत राहिले.

*

गेल्या पावसाळ्यात बाबांना मोठा ताप आला. उतरला, पण महिनाभर अशक्तपणा होता. एका दुपारी त्यांनी घरच्या बरणीतली वाइन मागितली. घाईत मी मांसात घालायच्या सिरक्याची, म्हणजे व्हिनेगरची, बाटली उचलली आणि त्यातलंच ग्लासात ओतलं. ओतता ओतता माझ्याच नाकात झणका गेला, तोवर ग्लास बाबांच्या हातात होता.

त्यांनी वास घेतला. डोळे मिटले. घोट घेतला.

“पाहुण्यांना द्या,” ते म्हणाले.

पण माझा चेहरा माझ्याएवढा गप्प नसावा. बाबांनी ग्लासाकडे बघितलं, मग माझ्याकडे.

“काय होतं?”

“सिरका.”

त्यांनी ग्लास पुन्हा एकदा हुंगला. मग म्हणाले, “तापात नाकही गेलं, जीभही गेली वाटतं. मासे भाजतात ते मला आवाजावरून कळतं हल्ली.” आणि थोड्या वेळाने, “नोव्हेंबरात लोक येतील गे.”

वाइन चाखता येत नाही म्हणून माणूस मरत नाही. पण ओटा मरतो. ते मला त्यांच्याकडे बघून कळलं.

माझ्या माहेरी उन्हाळ्यात मसाला कुटायचा तर मिरची कुठल्या घाण्याला करपली ते आई मला वासावरून सांगायला लावायची. तेवढंच माझं शिक्षण. पण मागच्या नोव्हेंबरभर मी ओट्यावरचा प्रत्येक रिकामा ग्लास धुतला होता, आणि धुण्याआधी हुंगला होता. बाबांचा निकाल कानात आणि ग्लास नाकात, असं ते जुळत गेलं होतं.

मी एवढंच म्हटलं, “बाबा, वाइन मी आत नेऊन गाळून आणत जाईन. सोबत बशी आणेन.”

“बशीत काय?”

“शेंगदाणे असले तर पाहुणे. केळ्याचे वेफर्स असले तर जावई. रिकामी असली तर केक.”

“आणि झाकून ठेवायची असली तर?”

“बिस्किटं.”

बाबा तापानंतर पहिल्यांदा हसले. “बिस्किटं आणून ठेवू नकोस. सादळतील.”

*

नोव्हेंबर झकास चालला. मी गाळायची, चमचाभर चाखायची, बशी न्यायची. बाबा नाक, डोळे, चाफा, सगळं पूर्वीसारखं करायचे आणि बशीकडे ओझरतं बघून निकाल द्यायचे. एकही निकाल चुकला नाही, हे मी अभिमानाने सांगते. दोघांचाही.

एक सोडून. बस्त्यावकाकांची वाइन आली. चाखायची गरजच नव्हती, तरी चाखली. रिकामी बशी काढून ठेवली आणि ग्लास पुसायला वळले. तेवढ्यात माझ्या सासूबाई, ज्यांना यातलं काही माहीत नव्हतं, स्वयंपाकघरात आल्या. माणसासमोर रिकामी बशी न्यायची ही कुठली रीत? त्यांनी डबा उघडून त्यात मूठभर वेफर्स घातले आणि ग्लास-बशी स्वतःच बाहेर नेऊन ठेवली.

मी दारात पोहोचले तेव्हा बाबा चाफ्याकडे बघत होते.

“बस्त्याव,” ते म्हणाले, “जावयाला द्या.”

बस्त्यावकाका उभे राहिले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्यांना आवाज फुटेना. बाटलीला बूच लावून ती त्यांनी छातीशी धरली आणि ओट्याच्या पायऱ्या एखाद्या मिरवणुकीत उतरावं तशा उतरले. त्याच आठवड्यात मोठी बाटली भरून कामणला जावयाकडे पोहोचवली.

चार दिवसांनी लेकीचा निरोप आला. जावई विचारत होते, सासऱ्यांचं आपल्यावर काही मनात आहे का?

आणि सासूबाई मला म्हणाल्या, “बशी रिकामी नेतेस काय गं? लोक म्हणतील, सून चिक्कू आहे.”

*

नाताळच्या आधीच्या शनिवारी इनासकाका आले. पायरीवरच उभे राहिले.

“बाबा, उद्या ती बाटली आणतो. रांजणाला तडा गेलाय, वाळू ओली राहत नाही. आता ठेवली तर जाईल. कदाचित गेलीही असेल.” मग म्हणाले, “तुम्ही आधी चाखा. आंबट झाली असेल तर मला सांगा, मी तोंडाला लावणार नाही. तिचं खरं झालं म्हणेन आणि बावखलात ओतेन.”

ते गेल्यावर बाबा स्वयंपाकघराच्या दाराशी आले.

“ओट्यावरच उघडणार तो. गाळायला आत द्यायचा नाही.”

“हो.”

“चांगली आहे म्हणून सांगू?”

“आणि मग काका पितील,” मी म्हटलं.

बाबा जेवले नाहीत त्या रात्री.

रविवारी काकांनी ओल्या गोणपाटातून बाटली आणली. बस्त्यावकाका होते, मास्तर होते. बूच काढताना त्याचा भुगा झाला. काकांनी खिशातून मलमलीचं धुतलेलं फडकं काढलं आणि ग्लासावर धरून अगदी हळू ओतली. गाळ खालीच राहू दिला.

बाबांनी ग्लास उजेडाकडे धरला. मध्ये गडद होती, पण कडेला जुन्या कौलाचा रंग आला होता.

“म्हातारी झालीय,” ते म्हणाले. “तेवढं दिसतं.” मग ग्लास नाकाशी नेलाच नाही. टेबलावर ठेवला आणि आत बघून हाक मारली, “पोरी, बाहेर ये.”

मी गेले. ते उठले आणि स्वतःच्या खुर्चीकडे बोट दाखवलं.

“माझं नाक तापात गेलं,” त्यांनी सगळ्यांना सांगितलं. “नोव्हेंबरपासून निकाल हिचेच आहेत. हाही हीच देईल.”

मास्तर म्हणाले, “ते आम्हाला पहिल्याच रविवारी कळलं. वाइनबरोबर रिकामी बशी कोण आणतं?”

“मला नव्हतं कळलं,” बस्त्यावकाका म्हणाले. थोडं थांबून म्हणाले, “म्हणजे माझे वेफर्स?”

आत सासूबाईंना खोकला आला.

मी ग्लास उचलला. पहिला वास ओल्या वाळूचा आला, बुरसट, विहिरीच्या तळासारखा. इनासकाका माझ्याकडे बघत होते. मी ग्लास फिरवला आणि थांबले. बाबा चाफ्याकडे का बघतात ते मला तेव्हा कळलं. वाइनला वेळ द्यायचा असतो, आणि माणसांना तोवर बघायला काहीतरी लागतं.

पुन्हा नाकाशी नेला. वाळू गेली होती. मिरी होती, नुकती ठेचलेली. मग सुकलेलं जांभूळ. त्याच्या मागे धुपाचा धूर, मिस्सा संपल्यावर देवळात राहतो तेवढाच, आणि जुन्या प्रार्थनेच्या पुस्तकाच्या चामड्याचा वास. घोट घेतला. कडेने जीभ किंचित आखडली, कच्चं केळं चावल्यासारखी. मग सगळं मऊ होत गेलं, आणि गिळल्यावरही बराच वेळ गेलं नाही.

म्हातारी होती. संध्याकाळपर्यंत टिकली नसती. पण होती.

केक, पाहुणे, जावई. मी एकेक आठवून बघितलं. झाकून ठेवायला आता बूचही नव्हतं.

“ही मेरीकाकूंना द्या,” मी म्हटलं.

बाबांनी माझ्याकडे बघितलं आणि मान एकदाच हलवली.

इनासकाकांनी विचारलं, “आंबट?”

“नाही.”

“मग घेईल ती,” काका म्हणाले, आणि टेबलावर दुसरा ग्लास मांडला.