कपाटातला पव्वा

भावाने मला कारंजा गावातल्या त्या घरात आणून सोडलं, तेव्हा मी सगळ्यात आधी दाराला बाहेरून कडी आहे का ते पाहिलं. नव्हती. तरी समाधान झालं नाही. दारू सोडू पाहणाऱ्या बायकांनी एकत्र राहायचं घर, असं भाऊ सांगत होता. आम्ही सहा जणी होतो. घर चालवणाऱ्या बाईंना सगळ्या ताई म्हणत. त्या स्वतः एके काळी प्यायच्या. हे त्यांनी चहा गाळता गाळता इतक्या सहज सांगितलं की मला ते खोटंच वाटलं.

माझं पिणं गर्भपिशवीच्या ऑपरेशननंतर सुरू झालं. इंझोरीजवळ आमचं शेत. निंदायला बसलं की कंबर धरायची. नवऱ्यानेच एकदा आपला ग्लास पुढे केला, "घे, बरं वाटन." बरं वाटलं. मग मी चोरून घेऊ लागले. तो रोज प्यायचा, त्याला कोणी काही म्हणत नव्हतं. मी एकदाच बांधावर पडलेली सापडले, तर अर्धं गाव पाहायला आलं. तेव्हापासून माझ्यावर कोणाचा विश्वास उरला नाही आणि माझा कोणावर.

त्या घरात कोणीही बाजारातून आलं की ताई जवळ येऊन म्हणायच्या, "हा कर." तोंडाचा वास घ्यायच्या. मीही मग त्या बाहेरून आल्या की पिशवी घ्यायच्या निमित्ताने त्यांच्या तोंडाजवळ जायची. लवंगेचा वास यायचा. मीसुद्धा पिऊन झाल्यावर लवंगच चघळायची. मला वाटलं, सापडलं.

त्यांच्या खोलीतल्या लोखंडी कपाटाला कायम कुलूप असे. एका दुपारी त्या गच्चीवर मिरच्या वाळत घालत होत्या आणि किल्ली कपाटालाच राहिली होती. मी उघडलं. साड्यांच्या घडीखाली अर्धा भरलेला पव्वा होता. खरं सांगते, आधी मला आनंद झाला. तोंडाला पाणी त्यानंतर सुटलं. मी कपाट लावून बाहेर आले आणि संध्याकाळची वाट पाहत बसले.

संध्याकाळी आम्ही सगळ्या गोल करून बसायचो, प्रत्येकीने आपला दिवस कसा गेला ते सांगायचं. माझी पाळी आली.

"ताई, तुमच्या कपाटात काय आहे?"

त्यांचा चेहरा उतरला. "तुनं कपाट उघडलं?"

"उघडलं. आमचे वास घेता, अन् सोता पेता!"

"ते मायं नाही."

"मंग कोनाचं?"

"ते मी सांगत नाही."

मी हसले. "पाहा व बायाहो, कशी फसली!"

कोणी हसलं नाही. सगळ्या जिला तिच्या सासरच्या गावावरून अनसिंगची सून म्हणायच्या, ती कोपऱ्यातून उठली. पंधरा दिवसांपूर्वी आलेली, आमच्यात सगळ्यात लहान, कोणाशी फार न बोलणारी.

"मायं आहे," ती म्हणाली. "कपड्यात लपवून आनलं होतं. तिसऱ्या दिवशी मीच ताईले नेऊन देल्लं. कोनाले सांगू नका म्हनलं होतं."

ताई हळूच म्हणाल्या, "तिनं सोताच्या हातानं ओतून द्यावं, म्हनून ठेवलं होतं."

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीने ती निघून गेली. ताईंनी तिला अडवलं नाही, फाटकापर्यंत सोडून आल्या. मग माझ्याजवळ बसल्या.

"शक आला तं मले इचारायचं होतं. सगळ्याईसमोर काहून?"

उत्तर मला माहीत होतं. ताई खोट्या निघाव्यात अशीच माझी इच्छा होती. त्या खोट्या निघाल्या असत्या तर मला घरी जाऊन बेधडक पिता आलं असतं.

"अन् लवंग?" मी एवढंच विचारलं.

"दारू सुटली, लवंग नाही सुटली," त्या म्हणाल्या.

आठ दिवसांनी मीच ताईंना म्हटलं, मला अनसिंगला घेऊन चला. ती अंगणात भांडी घासत होती. सासू दारातच उभी राहिली आणि आम्हाला वरपासून खालपर्यंत न्याहाळत राहिली.

"तुमी कायले आल्या?" भांड्यावरचा हात न थांबवता तिने विचारलं.

"चुकलं मायं," मी म्हणाले. म्हणताना नकळत थोडी पुढे वाकले. तिच्या ते लक्षात आलं. तिने तोंड माझ्याजवळ आणलं.

"घ्या वास."

दारूचा वास होता. मी मान खाली घातली. ताईंनी तिच्या हातातली कढई घेतली, विसळून पालथी घातली आणि म्हणाल्या, "तुयी खाट मी कोनाले देल्ली नाही."

दीड महिन्याने ती परत आली, एकटीच. माझ्यापेक्षा जास्त दिवस राहिली. मी आता घरी असते, दारू सोडून तीन वर्षं झाली. महिन्यातून एकदा कारंज्याला त्या घरी जाते. तिथलं स्वयंपाकघर आता तीच सांभाळते. मला चहा देते, आपल्या पोरीची शाळा कशी चालली ते सांगते. पण संध्याकाळी सगळ्या गोल बसल्या आणि मी त्यात असले, की ती स्वतःबद्दल एक शब्द काढत नाही. म्हणून तिची पाळी जवळ आली की मी उठते आणि बाहेर ओट्यावर जाऊन बसते. दार मी जाताना लावून घेते.